आमचं पोट त्यावर आहे, म्हणून आम्ही बोलूच नये का?

पत्र : मी गेली सतरा वर्षं एका अणुवीज प्रकल्पात देखभाल विभागात आहे. पंप आणि व्हॉल्व्ह हे माझं काम. आमच्या अणुभट्ट्यांच्या परवान्याची मुदत संपत आली आहे आणि याच वेळी सरकार पुढच्या वीस वर्षांचं ऊर्जा धोरण ठरवतंय. समितीत अर्थतज्ज्ञ आहेत, कंपन्यांची माणसं आहेत, पर्यावरण संस्था आहेत. भट्टीवर काम करणारं कुणी नाही. लोकांकडून सूचना मागवल्यात, जनसुनावणीही आहे. मी बोलावं असं मला मनापासून वाटतं. साहेब म्हणतात, कंपनी बोलेल, तू मध्ये पडू नकोस. मेव्हणा म्हणतो, तुझी नोकरीच त्यात आहे, तुझं कोण खरं मानणार? आणि माझीही एक अडचण आहे. शटडाउनच्या, म्हणजे देखभालीसाठी भट्टी बंद ठेवतात तेव्हाच्या, कामाला येणाऱ्या कंत्राटी कामगारांची परवड मी पाहतो. ती सांगितली तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळेल. नाही सांगितली तर मला माझंच बोलणं खोटं वाटेल. काय करू? आणि निवेदनावर नाव घालू का?
– एक देखभाल तंत्रज्ञ

उत्तर : नमस्कार.

बोला. कंत्राटी कामगारांबद्दलही बोला. ते गाळून बोलणार असाल तर मग मात्र न बोललेलं बरं, आणि असं का म्हणतो ते पुढे सांगतो. आधी मेव्हण्यांच्या आक्षेपाकडे येऊ, कारण तुम्ही तोंड उघडलंत की पहिला तोच समोर येणार आहे.

नोकरी गुंतलेली आहे म्हणून माणसाचं ऐकायचं नाही, हा नियम त्या समितीतल्या प्रत्येकाला लावून पाहा. वीज कंपनीचा नफा गुंतलेला असतो. सल्लागारांची फी गुंतलेली असते. पुढाऱ्यांची मतं गुंतलेली असतात. त्यांना कुणी दारातून परत पाठवत नाही, त्यांच्यासाठी खुर्ची मांडली जाते. मग हा नियम फक्त पान्हा हातात धरणाऱ्यालाच का? मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

आणि दुसरीकडे कामगारांना अशी खुर्ची मिळालेलीही आहे, म्हणजे ही काही अशक्य मागणी नाही. जर्मनीतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघातानंतर २०११ साली तिथल्या सरकारनं अणुऊर्जेच्या भवितव्यावर १७ जणांची नीती समिती नेमली. तिच्यात प्राध्यापक होते, माजी मंत्री होते, धर्मगुरूसुद्धा होते. एका मोठ्या कामगार संघटनेचे अध्यक्षही होते, पण अणुवीज प्रकल्पात काम करणारं कुणी नव्हतं. सुमारे दोन महिन्यांत अहवाल आला. शेवटचे तीन प्रकल्प १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाले. त्याच देशात २०१८ मध्ये कोळशाचं काय करायचं यासाठी आयोग बसला, तेव्हा मतदानाचा हक्क असलेल्या २८ सदस्यांत तीन कामगार संघटनांची माणसं होती आणि खाणपट्ट्यातल्या लोकांनाही जागा होती. त्या आयोगानं २०३८ ही अखेरची मुदत सुचवली आणि त्या भागांसाठी वीस वर्षांत ४० अब्ज युरोंची शिफारस केली. वयस्कर कामगारांना काय द्यायचं हेही त्या चर्चेत आलं. कोळसा बंद व्हावा की न व्हावा, अणुवीज राहावी की जावी, यावर तुमचं-माझं मत काहीही असो. टेबलाशी कोण बसलं होतं, यावर काय लिहिलं गेलं ते ठरलं, एवढं यातून स्पष्ट दिसतं.

ज्या ‘न्याय्य स्थित्यंतरा’ची भाषा आज प्रत्येक हवामान परिषदेत ऐकू येते, जी २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आहे, ती कल्पना एका अशा संघटनेतून वर आली जिच्या नावातच तेल आणि रसायन कामगारांच्या जोडीला अणुकामगार होते. अमेरिकेतले टोनी माझोकी हे त्या संघटनेचे नेते. एखादा उद्योग समाजाच्या भल्यासाठी बंद करायचा असेल, तर त्याची किंमत एकट्या कामगारानं मोजू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तुमच्याच क्षेत्रातल्या माणसांनी जगाला दिलेली ही गोष्ट आहे. ती मागताना संकोच कशाला?

आता जरा अवघड भागाकडे. तुमचं बोलणं कुणाच्या उपयोगाचं आहे? तुमच्या नोकरीपुरतं ते असेल तर लोक सहानुभूतीनं ऐकतील आणि विसरतील. त्याचं मोल यासाठी आहे की धोरण कागदावर लिहिणाऱ्यांना काही गोष्टी माहीतच नसतात. त्यासाठी मी तुम्हाला एकाच प्रकल्पाची कथा सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेव्हिस-बेसी नावाचा प्रकल्प आहे. तो या विषयात तीनदा येतो, आणि तीनही वेळा काहीतरी शिकवून जातो.

पहिली वेळ १९७७ ची. २४ सप्टेंबरला तिथं दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. भट्टी कमी क्षमतेवर चालू होती आणि ऑपरेटरांनी साधारण वीस मिनिटांत प्रकार ओळखून पुढचा व्हॉल्व्ह बंद केला. मोठं काही झालं नाही. पण या प्रसंगातून काय शिकायला हवं, हे भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्यानं १९७८ च्या सुरुवातीला लिहून वर पाठवलं. ते टिपण कंपनीतच फिरत राहिलं. त्याच बनावटीची भट्टी असलेल्या, अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड प्रकल्पाच्या ऑपरेटरांपर्यंत ते पोहोचलं नाही, आणि २८ मार्च १९७९ रोजी तिथं तसाच व्हॉल्व्ह तसाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा व्हॉल्व्ह बंद असल्याचं भासवत होता. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह बंद करण्याचा आदेश गेला, एवढंच तो दिवा सांगत होता. भट्टीचा सुमारे अर्धा गाभा वितळला. तुम्ही व्हॉल्व्हचंच काम करता, त्यामुळे यातली वेदना मी तुम्हाला वेगळी सांगायला नको. माहिती होती. ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली.

दुसरी वेळ २००२ ची. त्याच डेव्हिस-बेसीत भट्टीच्या झाकणावर बोरिक आम्ल झिरपून पोलाद खाऊन टाकलं होतं. सुमारे १७ सेंटिमीटर जाड पोलादात आरपार खड्डा, आणि मध्ये उरलं होतं ते जेमतेम एक सेंटिमीटरचं गंजरोधक अस्तर. नियामकांना ही तपासणी २००१ च्या डिसेंबरअखेर हवी होती, कंपनीनं फेब्रुवारीपर्यंत मुदत मागून घेतली होती. गंजाचे लाल ओघळ दोन वर्षं आधीच्या छायाचित्रात दिसत होते. पुढे कंपनीच्याच चौकशीत निघालं की उत्पादनावरचा भर सुरक्षेवरच्या लक्षाला भारी पडला. प्रकल्प दोन वर्षं बंद राहिला. म्हणजे वीज कमी पडू नये म्हणून केलेल्या घाईनं दोन वर्षांची वीज गेली. ही सुरक्षेची गोष्ट आहे तशीच ती ऊर्जा धोरणाचीही आहे. ‘मुदतवाढ द्या’ हे धोरणात दोन शब्दांत लिहून होतं. देखभालीला पुरेसे दिवस, पुरेसे सुटे भाग आणि पुरेशी अनुभवी माणसं नसतील तर त्या दोन शब्दांचं काय होतं, हे तुम्ही सांगू शकता. समितीतला अर्थतज्ज्ञ सांगू शकणार नाही.

तिसरी वेळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती तुमच्या साहेबांच्या ‘कंपनी बोलेल’ या वाक्याशी जोडलेली आहे. २०१९ मध्ये ओहायोच्या विधिमंडळानं डेव्हिस-बेसी आणि पेरी या दोन प्रकल्पांना ग्राहकांच्या बिलातून मदत देणारा कायदा केला. वर्षभरात विधानसभेच्या अध्यक्षांना अटक झाली. या कायद्यासाठी वीज कंपनीकडून सुमारे ६ कोटी डॉलर गुप्त मार्गानं आल्याचं खटल्यात सिद्ध झालं आणि २०२३ मध्ये अध्यक्षांना वीस वर्षांची शिक्षा झाली. अणुप्रकल्पांना दिलेली मदत २०२१ मध्येच रद्द झाली होती. या लाचेशी भट्टीवर राबणाऱ्यांचा काय संबंध? पण कायद्यालाच काळिमा लागला की त्यांची खरी कळकळही त्याच काळोखात गेली. कंपनी बोलते तेव्हा ती तुमच्या वतीनं बोलतेच असं नाही, आणि कधीकधी अशा पद्धतीनं बोलते की नंतर तुमचा खरा शब्दही कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून तुमचं निवेदन तुम्ही लिहा. कंपनीच्या जनसंपर्क विभागानं तयार करून दिलेल्या मजकुरावर सही करू नका, तो कितीही चांगला असला तरी. कंपनीचा टी-शर्ट घालून, कंपनीच्या बसनं सुनावणीला जाऊ नका. युनियन असेल तर युनियनच्या बैठकीत आधी वाचून दाखवा, पण शब्द तुमचे ठेवा. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुप्रकल्पाच्या दोन महिला कर्मचाऱ्यांनी २०१६ मध्ये कंपनीच्या बाहेर राहून स्वतःची संघटना काढली. त्यांच्यातल्या एकीला सुरुवातीला अणुऊर्जेबद्दल स्वतःलाच शंका होत्या आणि ते तिनं कधी लपवलं नाही. माझ्या मते लोकांनी त्यांचं ऐकलं याचं एक कारण हेच.

आता तुमचं कोलीत.

कंत्राटी कामगारांचं दुखणं तुम्ही झाकलंत तर ते झाकलेलं राहील, अशी कल्पना करू नका. विरोधकांना ते बहुधा आधीच ठाऊक आहे. सुनावणीत एखादी बाई उठून विचारेल, ‘शटडाउनमध्ये जास्त किरणोत्सर्गाच्या जागी कोण जातं?’ आणि त्या क्षणी तुम्ही गप्प बसलात तर सतरा वर्षांचा तुमचा अनुभव तिथंच संपला. तुम्ही ते आधीच स्वतः सांगितलं असेल तर तीच बाई तुमचं पुढचं वाक्यही ऐकेल.

आणि हा प्रश्न धोरणाचाच आहे. किरणोत्सर्गाच्या कामासाठी जगभर बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला लागलेल्या किरणोत्सर्गाचं, म्हणजे डोसचं, माप), आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ५० अशी मर्यादा पाळतात. कायम नोकरीतल्या माणसाचा डोस मर्यादेजवळ आला तर त्याला दुसरं काम मिळतं. कंत्राटावरच्या माणसाचा डोस भरला तर त्याची रोजीच थांबते. मग काय होतं? २०११ च्या डिसेंबरमध्ये फुकुशिमाच्या साफसफाईत एका उपकंत्राटदारानं कामगारांना डोस मोजणाऱ्या डोसीमीटरवर शिशाची पट्टी लावायला सांगितलं, म्हणजे आकडा कमी दिसावा. पुढच्या वर्षी ते उघडकीला आलं. जुन्या भट्ट्यांना मुदतवाढ म्हणजे जास्त तपासण्या, जास्त बदलायचे भाग, जास्त शटडाउन, आणि त्या कामाचा मोठा वाटा याच माणसांच्या अंगावर. ऊर्जा धोरणात मुदतवाढीचं कलम असेल आणि या कामगारांच्या डोसच्या नोंदीचं, आरोग्य तपासणीचं, मजुरीचं कलम नसेल, तर ते धोरण अर्धं आहे. हे तुमच्याइतकं ठामपणे कोण म्हणणार?

मात्र एक करा. त्यांच्याबद्दल बोलण्याआधी त्यांच्याशी बोला. शक्य असेल तर त्यांच्यापैकी कुणीतरी स्वतः सुनावणीत बोलावं यासाठी सोबत उभे राहा. त्यांचं काम तुमच्यापेक्षा लवकर जाऊ शकतं, त्यामुळे कुणाचं नाव, टोळी, कंत्राटदार, तारीख असं काही ओळखू येईल असं त्यांच्या परवानगीशिवाय लिहू नका.

इथं एक रेषा आखून घ्या. तुम्हाला एखादी नेमकी सुरक्षेची चूक माहीत असेल, एखादी खोटी नोंद, एखादी टाळलेली तपासणी, तर तिची जागा जनसुनावणी नाही. ती आधी प्रकल्पातल्या नोंदवहीत आणि तक्रार यंत्रणेत, आणि तिथं हललं नाही तर नियामकांकडे, लेखी, तारखेसह आणि स्वतःकडे प्रत ठेवून. धोरणाचा निर्णय व्हायची वाट पाहत ती खिशात ठेवू नका. आणि प्रकल्पाची पहारा व्यवस्था, इंधनाची ने-आण, कुलपं-दरवाजे यांबद्दल जाहीरपणे एक अक्षरही नको. नोकरीचे नियम आणि गोपनीयतेच्या अटी आधी वाचा, शक्यतो कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. सरकारी नोकरी असेल तर हे दुपटीनं लागू.

लिहायचं काय? पहिल्याच ओळीत आपला हितसंबंध सांगून टाका. मी असं लिहीन : ‘मी या प्रकल्पात देखभाल तंत्रज्ञ आहे. प्रकल्प बंद झाला तर माझी नोकरी जाईल, हे लक्षात ठेवून माझं म्हणणं ऐका. मी कंपनीच्या वतीनं बोलत नाही.’ एवढं झालं की मेव्हण्यांचा आक्षेप तुम्हीच मांडून मोकळे झालात.

मग तुमच्या हाताखालून गेलेल्या गोष्टींवर या. नव्या भट्टीचा खर्च, बाजारातला विजेचा दर, सौरऊर्जेचं भवितव्य यांवर बोलायचा मोह होईल. तो आवरा. पवन आणि सौर क्षेत्रात राबणाऱ्यांना कमी लेखणारं वाक्य तर मुळीच नको, ते तुमच्यासारखेच कामगार आहेत आणि उद्या तुमच्या सोबतीची त्यांनाही गरज पडेल. तुम्ही सांगा की परवानाधारक ऑपरेटर तयार व्हायला वर्षं लागतात. सांगा की बंद होण्याची नुसती कुणकुण लागली की आधी तरुण आणि हुशार माणसं दुसरीकडे जातात, आणि भट्टी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तितक्याच सावधपणे चालवावी लागते. नंतरही इंधन थंड ठेवावं लागतं, मोडणीचं काम वर्षानुवर्षं चालतं, आणि जुनी पाइपलाइन कुठून कशी वळवली होती हे नकाशापेक्षा जुन्या माणसाला नीट माहीत असतं. डायब्लो कॅन्यन बंद करण्याच्या २०१६ च्या करारात कामगार संघटना एक पक्ष होती, म्हणून माणसं शेवटपर्यंत टिकावीत यासाठीची तरतूद त्यात आली. वीज आयोगानं ती कापली तेव्हा २०१८ मध्ये विधिमंडळानं कायदा करून ती परत बसवली. आणि २०२२ मध्ये राज्यानं निर्णय फिरवून दोन्ही भट्ट्या २०२९ आणि २०३० पर्यंत चालू ठेवायचं ठरवलं, तेव्हा चालवायला माणसं जागेवर होती. फ्रान्समध्ये फेसेनहाइमचे कामगार विरोध करत राहिले, २०२० मध्ये प्रकल्प बंद झाला, आणि दोनच वर्षांत त्याच राष्ट्राध्यक्षांनी नव्या भट्ट्यांची घोषणा केली. तोवर तिथली माणसं पांगली होती. धोरण उलटं फिरू शकतं, पांगलेली पथकं तितक्या सहज पुन्हा उभी राहत नाहीत. समितीला हे कळायलाच हवं, मग तिचा अंतिम कौल काहीही असो.

वेळेचंही भान ठेवा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बायरन प्रकल्प कायमचा बंद व्हायचा होता त्याच दिवशी, १३ सप्टेंबर २०२१ ला, सिनेटनं त्याला वाचवणारं विधेयक मंजूर केलं. इतक्या काठावर जाऊन निर्णय होणं ही काही आदर्श गोष्ट नाही. इंधनाची मागणी वर्ष-दोन वर्षं आधी नोंदवावी लागते, मोठ्या शटडाउनचं नियोजनही तसंच. म्हणजे खरा निर्णय जाहीर होण्याच्या बराच आधी होऊन गेलेला असतो. तुमचं निवेदन मुदत संपायच्या दिवशी न देता आधी द्या, आणि सुनावणीत बोलायला मिळालं नाही तरी लेखी प्रतीची पोच घ्या.

राहता राहिला नावाचा प्रश्न. जपानमध्ये २००० साली एका तपासणी कर्मचाऱ्यानं टोकियोच्या वीज कंपनीतल्या खोट्या नोंदींची माहिती सरकारी यंत्रणेला कळवली, तर त्या यंत्रणेनंच त्याची ओळख कंपनीला सांगितली. दोन वर्षांनी सगळं बाहेर आलं, कंपनीच्या वरिष्ठांना पायउतार व्हावं लागलं आणि २००३ मध्ये तिच्या सगळ्या १७ भट्ट्या तपासणीसाठी थांबल्या. माणूस खरा ठरला, पण त्याला जे सोसावं लागलं ते विसरून मी तुम्हाला छाती काढून पुढे व्हा असं सांगणार नाही. गुप्त राहण्याच्या आश्वासनावर फार विसंबू नका, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या बाबतीत मात्र तुम्ही गुपित फोडत नाही आहात, धोरणावर मत देत आहात. निनावी निवेदन समिती बाजूला ठेवते. म्हणून माझा सल्ला असा की नाव घाला, पण एकट्याचं घालू नका. ऑपरेटर, वेल्डर, विकिरण सुरक्षा विभागातलं कुणी, जमलं तर एखादा निवृत्त सहकारीही सोबत घ्या. निवृत्तांना बदलीची भीती नसते आणि प्रकल्पाचा सगळा इतिहास त्यांना पाठ असतो. घरी पत्नीशी, मुलांशी आधी बोला. तुमच्या सहीचा ताण त्यांच्याही वाट्याला येणार आहे, त्यामुळे त्यांचं मन तयार नसेल तर थांबा आणि युनियनच्या नावानं निवेदन जाऊ द्या. त्यात कमीपणा काही नाही.

आणि निवेदनाच्या शेवटी नुसते आभार मानू नका, मागणी लिहा. समितीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी दोन जागा, त्यातली एक कंत्राटी कामगाराची. बैठकीच्या दिवसांची मजुरी बुडणार नाही याची लेखी हमी. आणि तिथं बोलल्याबद्दल कुणावर कारवाई होणार नाही, हे समितीच्या आदेशातच नमूद करणं. पहिल्या फेरीत यातलं एकही मिळालं नाही तर पुढच्या मसुद्यावर हेच पुन्हा द्या, आणि तेव्हा सह्या दुप्पट असू द्या.